सातवा अर्ज

पार्किंगच्या सोडतीत पहिला नंबर माझा येणार, हे मला सोडतीच्या आधीच माहीत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या काकांना तर नाहीच नाही.

काका म्हणजे सख्खे कुणी नव्हेत. आमच्या सीवूड्सच्या सोसायटीचे सेक्रेटरी, माझ्याच विंगमध्ये वर राहणारे. अख्खी सोसायटी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या माघारी कपाळाला हात लावायची. मीही लावायचो. हे लिहितानासुद्धा त्यांच्या काही गोष्टी आठवल्या की अपराधाच्या आधी वैताग येतो. तो लपवून त्यांचं चित्र काढलं तर ते त्यांचं होणार नाही, म्हणून तोही लिहितो.

काकांची सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. मीटर लावायचा, आकडा घ्यायचा, सगळं बंद करायचं, पुन्हा शून्यापासून लावायचा, पुन्हा आकडा घ्यायचा. "दोनदा तेच आलं की खरं," हे त्यांचं आयुष्याचं सूत्र होतं आणि निवृत्तीनंतर मीटर हाताशी नसल्यामुळे ते माणसांना लावलं जायचं. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला की काका हात पुढेच ठेवत, "परत घ्या." तुम्ही त्यांना म्हणालात, उद्या पाणी येणार नाही, की ते पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलत आणि एकदम विचारत, "काय म्हणालास, उद्या पाण्याचं काय?" उत्तर तेच आलं की मान डोलवत. काकू म्हणायच्या, "लग्नाच्या वेळी मला बघायलासुद्धा दोनदा आले होते. दुसऱ्यांदा पोहे मुद्दाम खारट केले, तरी हो म्हणाले."

त्यांच्याकडे पितळेचं एक किलोचं वजन होतं, प्रयोगशाळेतल्या कुणीतरी निवृत्तीला भेट दिलेलं. ते कापडी पिशवीत घालून काका रविवारी जवळच्या दिवाळे गावात मासळी आणायला जात, आणि गाडी माझी असल्यामुळे मला जावं लागे. तिथल्या कोळणी मासळीचे वाटे लावून बसलेल्या. काकांनी एकदा एका वाट्यासमोर पिशवीतून वजन काढलं आणि विचारलं, "बाई, तराजू कुठाय?"

"कसला तराजू? यो वाटा हाय, काका. डोल्यानी बघायचा, पटला त घ्यायचा."

"अहो, पण या वाट्याचं वजन किती?"

"कोनाला ठाव? त्याला कोनी इचारला नाय आजवर."

"उद्या याच पैशात एवढीच मांदेली देशील का?"

"उद्याचा उद्या खाडीला इचारा. आनि तो पितलेचा गोला घरा ठेवा तुमचा, देवाजवल. पूजा करा त्याची."

आजूबाजूच्या सगळ्या जणी हसल्या. काकांनी वजन पिशवीत टाकलं, मांदेली घेतली, आणि परतीच्या वाटेवर गाडीत माझ्याशी भांडले, जणू वाटा मीच लावला होता.

आता सोडतीचं. आमच्या सोसायटीत फ्लॅट जास्त आणि इमारतीखालची पार्किंगं कमी. उरलेल्यांनी गाड्या मागच्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत लावायच्या. त्यामुळे दरवर्षी सर्वसाधारण सभेत चिठ्ठ्या टाकून सोडत होई, ज्याचा नंबर आधी त्याने जागा आधी निवडायची, आणि दरवर्षी भांडण. एका वर्षी बी विंगमधले एक गृहस्थ, शिपिंग कंपनीत मोठ्या पदावर असलेले, भर सभेत म्हणाले की एक चिठ्ठी गार लागत होती, म्हणजे काढताना हाताला ओळखता यावी म्हणून ती फ्रीजमध्ये ठेवलेली होती. काका चिठ्ठ्या स्वतः कापायचे, पट्टीने मोजून, सगळ्या सारख्या. ते घरी गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे.

"तू कॉम्प्युटरवर ते मॅक्रो का काय करतोस ना रे?"

मी सानपाड्याला एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत आहे. दिवसभर एक्सेल. काही कामं हाताने करायला फार वेळ लागतो म्हणून एक्सेलच्या आत जी प्रोग्रामिंगची भाषा असते, व्हीबीए, ती कामापुरती शिकलो होतो. मी हो म्हणालो. ती चूक.

"मला शिकव. सोडत कॉम्प्युटरवर करायची. त्याला ना विंग, ना नातेवाईक."

"काका, मी लिहून देतो ना. वीस ओळींचं काम आहे."

"तू लिहिलेलं मी सभेत कसं मांडू? मी स्वतः तपासलेलंच मांडणार."

"मग नेटवर व्हिडिओ आहेत—"

"नेटवर बघणं म्हणजे शेजारच्याच्या पेपरात बघणं. तू समोर बसून शिकव."

आणि माझे रविवार गेले.

प्रोग्राम चालवायचा तर एक बटण दाबलं की तो सरसर संपतो. काकांना ते मान्य नव्हतं. एक्सेलमध्ये आणखी एक बटण असतं, ते दाबलं की कोडची एकेकच ओळ चालते आणि चाललेल्या ओळीवर पिवळी पट्टी सरकते. हे चूक शोधताना वापरायचं असतं. काका सगळंच तसं चालवत. सोसायटीच्या प्रत्येक फ्लॅटसाठी तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरायची, आणि काका प्रत्येक वेळी बोट दाबत, चष्मा वर करत, वाचत, पुन्हा दाबत. मी शेजारी बसून पिवळी पट्टी खाली जाताना आणि पुन्हा वर येताना बघायचो.

"काका, सगळ्यांना तेच होणार आहे. पळवा की."

"न बघता कशाला पळवायचं? मधेच कुणाला वगळलं तर?"

"कॉम्प्युटर वगळत नाही हो."

"हे तुला कुणी सांगितलं? तपासलंस? की नुसतं बघितलंस?"

व्हेरिएबल म्हणजे कोडमधली आकडा ठेवायची डबी. तिला नाव द्यावं लागतं. काकांनी एकेका फ्लॅटचा नंबर घेत दारोदार फिरणाऱ्या डबीला पोस्टमन नाव दिलं, आणि अदलाबदलीपुरती एक रिकामी डबी लागते तिला जावई. "येतो, थोडा वेळ सामान सांभाळतो, जातो. काम काही करत नाही." हे त्यांचे खरे जावई समोर सोफ्यावर बसलेले असताना म्हणाले.

सगळ्यात मोठं युद्ध मराठीचं झालं. प्रोग्रामने शेवटी पडद्यावर एक चौकट दाखवून म्हणायचं होतं, 'सोडत पूर्ण झाली. कृपया शांतता राखा.' पण एक्सेलच्या कोड लिहायच्या खिडकीला देवनागरी लिहिता येत नाही. काकांनी मजकूर चिकटवला की तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. काका लालबुंद. "मी याला मराठीत सांगतोय आणि हा मलाच प्रश्न विचारतोय!" मी म्हटलं, इंग्रजीत लिहा. नाही. रोमन अक्षरांत मराठी लिहा. "मी काय जाहिरात लिहितोय?" शेवटी मजकूर एक्सेलच्या पानावर ठेवून तिथून उचलायचा आणि स्वतः बनवलेल्या चौकटीत दाखवायचा, अशी वाट निघाली. त्यात इतके रविवार गेले की मला त्या वाक्यातल्या 'कृपया'चा राग यायला लागला.

माझ्या घरी तेव्हा वडील होते. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, वॉकर धरून चालायचे. व्यायामाला त्यांना गाडीतून न्यावं लागे, आणि गाडी मागच्या भिंतीपलीकडे. लिफ्टपासून तिथपर्यंत त्यांना नेताना मधे दोनदा खुर्ची टाकावी लागायची. पावसाळ्यात तर माझी बायको छत्री धरायची, मी वडिलांना, आणि वडील आम्हा दोघांची माफी मागत चालायचे. लिफ्टसमोरचं पार्किंग आम्हाला मिळायला हवं होतं. सभेत उभं राहून हे सांगितलं असतं तर बहुधा मिळालंही असतं. पण मी चार माणसांत कधी उभा राहिलेलो नाही. सोसायटीच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा बायको टाकायची. मागणं माझ्या जिवावर येतं. चोरी करणं त्यापेक्षा सोपं वाटलं, हे आता लिहिताना मला कळतं आहे.

ज्या रविवारी सोडतीचा मुख्य भाग शिकवायचा होता, त्या सकाळी वडील बाथरूममध्ये पडले. लागलं फारसं नाही, पण मी उशिरा आणि चिडून काकांकडे पोचलो. एक्सेलला आकडा मागितला की तो मनाला येईल तो आकडा देतो, प्रत्येक फ्लॅटला असा एक आकडा द्यायचा, आणि लहान आकड्यापासून मोठ्याकडे रांग लावायची, असं सगळं होतं. पण हे आकडे खरं तर मनाला येतील ते नसतात. एक्सेल नव्याने उघडलं की ते दर वेळी त्याच क्रमाने येतात. ते होऊ नये म्हणून आधी एक ओळ लिहावी लागते. एका शब्दाची. ती मला माहीत होती. मी ती सांगायला तोंड उघडलंही होतं.

"काका, याच्या आधी अजून एक ओळ—"

"थांब. आधी ही समजू दे. मनाला येईल तो म्हणजे कुणाच्या मनाला?"

"कॉम्प्युटरच्या."

"त्याला मन आहे?"

"नाही."

"मग आकडा कुठून आणतो?"

मला पुढचं सगळं दिसलं. तो आकडा खरा नसतो, असं मी म्हणणार. मग खोटा कशाला वापरायचा, असं ते म्हणणार. पुढचे चार रविवार पिवळी पट्टी. मी म्हटलं, "आणतो कुठून तरी. काका, मला आज बाबांना घेऊन डॉक्टरांकडे जायचंय." आणि ती ओळ राहिली. इथवर मी फक्त वैतागलेला माणूस होतो.

चाचणीसाठी काकांनी फ्लॅटऐवजी माशांची नावं भरली होती. पुढच्या रविवारी त्यांनी एक्सेल उघडून चालवलं तर पहिला नंबर निवटीचा. त्याच्या पुढच्या रविवारी नावं बदलली, तेव्हा खेकड्याचा. काका खूश, नावं बदलली की निकालही बदलतोय. मी नावं बघत नव्हतो. मी ओळ मोजत होतो. निवटी यादीत सातवी होती. खेकडाही सातवा. घरी येऊन मी माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं. उघडलं, चालवलं, बंद केलं, उघडलं, चालवलं. दर वेळी सातवा पहिला. काकांच्या पद्धतीने मी ते तपासलं, असं म्हणायला हरकत नाही.

सोडतीसाठी अर्ज ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने यादीत भरायचे, असा काकांचा कडक नियम. अर्ज घ्यायच्या दिवशी मी वडिलांना खाली आणून सोसायटीच्या ऑफिससमोरच्या बाकावर बसवलं. जरा हवेवर, असं म्हणून. सहा जण आत जाऊन आले, तेव्हा मी उठलो.

काकांनी माझा अर्ज वाचला. दारातून बाकाकडे बघितलं. "बाबांचं सर्टिफिकेट जोड ना याला. सोडत कशाला? मी सभेत मांडतो. कोण नाही म्हणेल?"

"नको काका," मी म्हटलं. "नियमाप्रमाणे होऊ दे."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग माझा अर्ज बाकीच्या सहांवर ठेवला आणि कडा जुळवल्या.

सभा खाली पार्किंगमध्येच होती, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. काकांनी नवा शर्ट घातला होता. सुरुवातीला त्यांनी भाषण केलं, त्यात नाव न घेता सांगितलं की आपल्यात असेही सभासद आहेत जे घरात अडचण असूनही सवलत मागत नाहीत. लोकांना माझ्याकडे बघायला सांगायची गरज पडली नाही. मग त्यांनी लॅपटॉप उघडला, सोडत चालवली. समोर टांगलेल्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर यादी आली. पहिला मी. दुसरे स्वतः काका. टाळ्या झाल्या. 'कृपया शांतता राखा' ही चौकटही आली, शुद्ध देवनागरीत.

तेवढ्यात मागून ते शिपिंगवाले म्हणाले, "ओ सेक्रेटरी, पंख्याने पडदा हलत होता. आम्हाला घंटा काही दिसलं नाही."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, या पुढे आणि बघा. काका म्हणाले, "परत दाखवतो." आणि नुसतं परत चालवलं असतं तरी निभावलं असतं, एक्सेल बंद न करता दुसऱ्यांदा चालवलं की क्रम वेगळा येतो. वेगळी यादी आली असती, थोडी ओरड झाली असती, बस. पण काका शून्यापासून सुरू करणारे. त्यांनी एक्सेल बंद केलं, लॅपटॉप बंद केला, पुन्हा सुरू केला, चालवलं.

तीच यादी. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

काका उजळले. मी ते कधी विसरणार नाही. दोन्ही हात पडद्याकडे करून ते म्हणाले, "बघा! दोनदा तेच आलं!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग पहिला हशा आला.

"अहो काका, लॉटरी दोनदा सेम लागते होय?"

"सेटिंग आहे रे ही!"

"आणि सेक्रेटरींचा दुसरा नंबर! पहिला घेतला असता तर लाज वाटली असती!"

"चोरी करायची तर अक्कल तरी वापरा, काका. दाखवताय काय तोंड वर करून!"

लोक काय म्हणताहेत ते काकांना समजायला वेळ लागत होता. त्यांनी पुन्हा सगळं बंद केलं, पुन्हा उघडलं. मला ओरडावंसं वाटलं, नका हो, पुरे. तीच यादी तिसऱ्यांदा आली. आता कुणी हसत नव्हतं. शिपिंगवाले उभे राहिले. "हे बनवलं कोणी? कुणाला पैसे देऊन बनवून घेतलं?"

काकांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी आली, थांबली नाही, पुढे गेली.

"मी," ते म्हणाले. "एकट्याने. कुणी मदत केली नाही."

ते मला वाचवत होते, की शिकवणी लावली होती हे सांगायची त्यांना लाज वाटली, हे मला आजही ठरवता येत नाही. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसलो. बायको माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मला काकांसाठी वाईट वाटतंय.

सोडत रद्द झाली. काकांनी तिथेच राजीनामा दिला. खाली बसण्याआधी माझ्याकडे हात करून म्हणाले, "शेवटचा एक ठराव मांडतो. लिफ्टसमोरची जागा त्यांच्या वडिलांसाठी राखून ठेवा. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या काढा." कुणीही विरोध केला नाही. एक मिनिटही लागलं नाही. शिपिंगवाल्यांनीच अनुमोदन दिलं.

त्यानंतर काकांना सोसायटीत नवं नाव पडलं, सेटिंगकाका. पोरंसोरं नाही, मोठी माणसं म्हणायची, लिफ्टचं दार बंद होता होता. कोणी तोंडावर काही बोलत नाही, पण पाण्याची वेळसुद्धा त्यांना आता कुणी सांगत नाही, कारण ते परत विचारतील. ते सभेला येत नाहीत. दिवाळ्याला जाणं बंद झालं.

मात्र ते अजून शोधतात. दोन-तीन आठवड्यांनी एकदा जिन्यात गाठतात. "तेच का आलं रे? पोस्टमन बरोबर फिरतोय. मी सगळं बघितलं, एकेक ओळ." सुरुवातीला मी म्हणालो, व्हायरस असेल. मग म्हणालो, एक्सेल जुनं असेल. त्यावर त्यांनी नवा लॅपटॉप आणला. काकू मला दारातच म्हणाल्या, "सांग रे बाबा त्यांना, सोडा म्हणावं. सकाळी चहा गार होतो, ती पिवळी पट्टी काही थांबत नाही. मला एकदा विचारत होते, माझ्याकडूनच नकळत काही लबाडी झाली असेल का?"

मी म्हटलं, "सांगतो."

एकदा मात्र मी फार जवळ गेलो होतो. काका म्हणाले, "तू शिकवलंस त्यात चूक नाही, ते मला माहीत आहे. माझ्याच डोक्यात काहीतरी शिरलं नाही." मी म्हणालो, "काका, ती एक—" आणि त्यांनी नेहमीसारखं मधेच तोडलं, "थांब, आधी मला माझं बोलू दे." मला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत मी खरं बोलायला तोंड उघडलं दोनदाच, आणि दोन्ही वेळा या माणसाने गप्प केलं! घरी येऊन तो राग मी दोन दिवस जपून वापरला. मग तो संपला.

वडील मागच्या वर्षी गेले. जागा ठरावाने आमच्या नावावर आहे, ती कुणी परत मागितलेली नाही. मीही दिलेली नाही. गाडी अजून लिफ्टसमोर असते.

हे लिहून माझी सुटका झाली, असं मी मानत नाही. काका हे वाचतील असं नाही, आणि शिपिंगवाले तर नाहीच. मला काकांच्या घरी जाऊन ती राहिलेली ओळ त्यांच्या कोडमध्ये घालायची आहे आणि ती मी का घातली नव्हती, ते सांगायचं आहे. मग येत्या सर्वसाधारण सभेत उभं राहून, सगळ्यांसमोर, तेच पुन्हा सांगायचं आहे: लबाडी काकांची नव्हती, माझी होती. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.